तिसाच्या पुढं काटा नाही

"मिदि!" आरटीओचा ब्रेक इन्स्पेक्टर ओरडला. मिदि म्हणजे दाब. मी दाबला.

"पूर्ण दाबा हो! पायाखाली काय अंडं ठेवलंय?"

दाबला पूर्ण. सायलेन्सरमधनं असला काळा लोट निघाला की मागच्या रांगेतले दोन ऑटोवाले मुरुगाचं नाव घेत बाजूला पळाले. धुराच्या यंत्रातनं कागदाची पट्टी बाहेर आली. आकडा पासष्टच्या आत लागतो. माझा एक्क्याऐंशी.

"पेरियवरे, अहो आजोबा," इन्स्पेक्टर रुमालानं नाक पुसत म्हणाला, "ही गाडी आहे का वीटभट्टी? उद्या एफसी संपतेय. चारच्या आत पास करून घ्या. परवा रस्त्यावर दिसली तर जप्त करीन."

एफसी म्हणजे फिटनेसचा कागद. तो नसला की पिकअप म्हणजे भंगार. साल दोन हजार चार, गाडी एकोणनव्वदची, अन् मी तिच्याहून म्हातारा. नवी घेण्याचं वय सरलं होतं. विट्याहून पुतण्याचा फोन ठरलेला, "काका, काढा ती गाडी आणि या गावाकडं. एकटे काय करताय तिथं?" त्याच्या पडवीत माझ्यासाठी खाट टाकलीय म्हणे. खाटेवर पडून माणूस मरायचीच वाट बघणार ना? इथं निदान सकाळी स्टार्टर मारला की दिवस सुरू होतो.

आमच्याकडची माणसं सोनंचांदी गाळायला मद्रासला येतात, तसाच मीही आलो. ॲसिडच्या धुरानं छाती धरली, तेव्हा ते सोडलं आणि ही पिकअप घेतली. पाण्याचे कॅन पोचवायचे, पाडीपासून अण्णा नगरपर्यंत. लोक मला तण्णीवाला म्हणतात, म्हणजे पाणीवाला. संताजी म्हणणारा एकच उरलाय, गुंडो मेकॅनिक. तंजावरकडचा मराठी. त्याची मराठी अर्धी तमिळ, पण शिव्या चोख.

गुंडो गाडीखाली शिरला. पान्यानं सायलेन्सर ठोकला, तशी आतनं मूठभर काजळी त्याच्या तोंडावर पडली.

"अस्की काळी करून ठेवलीत वो!" तो थुंकला. अस्की म्हणजे सगळी. "इंजिनला काय रोग नाही. चालवता कशी?"

"सगळे चालवतात तशीच."

"बसा. मला दाखवा."

गल्लीतनं मोठ्या रस्त्याला लागलो. दुसरा, तिसरा, चौथा. काटा तिसावर. गुंडो काट्याकडं बघत होता. मग म्हणाला, "तिसाला चौथा गिअर? इंजिन गुदमरतंय, डिझेल जळतच नाही. कोणाला बसवून नेता वो? बाळंतिणीला?"

मी गाडी परत गल्लीत वळवली.

गोदाला, माझ्या बायकोला, गाडी लागायची. शेजारी बसायची, हातात लिंबू. सतरा वर्षं मद्रासात काढली, तमिळ आलं ते 'वेंडाम' आणि 'पोदुम'. नको आणि पुरे. घरी एकटी बसली की भिंती खायला उठतात म्हणायची, म्हणून माझ्याबरोबर गाडीत. गिअर बदलताना हिसका बसला तरी उमासे, जोरात नेली तरी उमासे. काटा तिसाच्या पुढं गेला की माझ्या डाव्या गुडघ्यावर फाट्‌दिशी चापट. "आवं, कुणाचं लगीन चुकतंय?" मग मी चौथ्यात टाकायचो आणि तेलावरनं सरकावी तशी गाडी सरकवायचो. कॅनवर कॅन उतरवायचो, ती खिडकीतनं मोजायची आणि दर वेळी चुकायची.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. पाय मात्र तिसाच्या पुढं गेलाच नव्हता. मला हे त्या दिवशी गुंडोनं सांगितलं तेव्हा कळलं.

त्याला समजलं असावं. त्यानं नोझल काढून साफ केले, फिल्टर बदलला आणि म्हणाला, "दुसरा कोणी पंपातनं येणारं डिझेल कमी करून देईल. पास होईल, पण कॅन घेऊन पूल चढणार नाही. मी तसलं करत नाही. उद्या श्रीपेरुंबुदूरपर्यंत जा. तिसऱ्या गिअरात. पाय तळाला. आतली घाण जळू दे. तिथनं सरळ यंत्रावर. इंजिन गार व्हायच्या आत."

दुसऱ्या दिवशी निघालो. पूनमल्लीच्या पुढं रस्ता मोकळा झाला. तिसरा टाकला आणि दाबला. इंजिन असं कोकललं, वाटलं आता बॉनेट फोडून बाहेर येतंय. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. मागं धूर असा, की कंपनीच्या बसमधल्या पोरांनी पटापट काचा ओढल्या, एकानं आईवरनं शिवी दिली. बरोबर होतं त्याचं. माझा डावा गुडघा आपोआप आत वळून बसला होता. लक्षात आलं, तसा मी तो सरळ केला.

"अगं, आजच्या दिवस," मी मोठ्यानं म्हणालो. दोन वर्षांनी गाडीत मराठी बोललो.

श्रीपेरुंबुदूरला वळताना आरशात बघितलं, तर मागचा रस्ता दिसत होता. धूर नव्हता.

साडेतीनला यंत्रावर. "मिदि!" मी असा दाबला की इन्स्पेक्टरच दचकला. पट्टी आली. अठ्ठेचाळीस. त्यानं एकदा पट्टीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. "परवायिल्लै, ठीक आहे, पेरियवरे. अजून जोर आहे. गाडीत."

गुंडोला सांगायला गेलो. तो एका लॉरीखाली होता, नुसते पाय बाहेर.

"पास?"

"पास."

"परत तिसानं चालवाल तर पुढच्या वर्षी येऊ नका. लाथ मारीन."

"बरं."

एवढंच. पाय परत आत गेले.

घरी निघालो, गुंडोनं सांगितलं तशीच गाडी ओढून. रोजची वाटही हीच, तिसानं पाऊण तास लागतो. त्या दिवशी दारात आलो आणि घड्याळ बघितलं, तर वीस मिनिटं शिल्लक. खोलीला कुलूप. शेजारच्या घरात तमिळ बातम्या लागलेल्या.

रोज या वेळेला मी वाटेत असतो. मी इंजिन बंद केलं, शिक्क्याचा कागद मांडीवर ठेवला आणि वीस मिनिटं तिथंच बसलो. मग उतरलो आणि कुलूप काढलं.