पंगतीतली मधली जागा

विरुपाक्षप्पांना पंगतीत मधे बसायचं होतं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने यापेक्षा मोठी इच्छा धरू नये, आणि त्यांनी धरलीही नव्हती.

मठात रोज दुपारी दासोह, म्हणजे अन्नदानाची पंगत असे. भात, आमटी, भाजी आणि गव्हाची हुग्गी, गुळाने गच्च आणि तुपाने चकाकणारी. खरं तर हुग्गी सणावाराची. पण सोलापूर मोठं, त्यामुळे रोज कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर पुण्यस्मरण निघेच. बायको गेल्यापासून माणसांत बसून घडणारं विरुपाक्षप्पांचं हे एकच जेवण. रात्रीची भाकरी टीव्हीसमोर, आणि टीव्हीतली माणसं आग्रह करत नाहीत. मुलगा पुण्याहून दर रविवारी फोन करी. “साखर किती?” तो विचारी. हे आकडा सांगत. बाप-लेकाचं बोलणं तिथे संपे.

अडचण प्रोस्टेटची होती. ते वाढलं होतं, आणि भातात हात घातला की लघवीची घाई होई. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत पंगतीतून उठायचं नाही, ही मठाची रीत. म्हणून विरुपाक्षप्पा स्वतःहून टोकाला सरकले, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ. मधल्या गप्पा तिथवर येईतो त्यातला विनोद वाटेत संपलेला असे. नुसतं हसू पोचे. तेवढ्यावर तेही हसत.

मधे बसे संगप्पा, त्यांचा शाळेपासूनचा सोबती. अंगाने काडी. त्याचं हेच ऑपरेशन आदल्या वर्षी झालेलं, आणि ते तो वाढप्यालाही सांगे. “लई भारी झालं बे. आता एकदा पडलो की डायरेक्ट सकाळ!”

विरुपाक्षप्पा त्याच्याच डॉक्टरांकडे गेले. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सोनालींकडे. त्यांनी रिपोर्ट बघितले, मग पोटाचा घेर बघितला.

“काका, तीन महिन्यांची साखर फार वर आहे. वजन आहे, बीपी आहे. ऑपरेशन होईल, पण या शरीरात त्याचा फायदा अर्धामुर्धाच मिळेल. आधी साखर उतरवू, मग करू.”

“आधी मोकळं करा. साखर काय, बघता येईल की.”

डॉक्टरांनी समजावलं, हे अडून बसले. शेवटी दवाखान्यात ठेवून, इन्सुलिन देऊन साखर ऑपरेशनपुरती खाली आणली गेली. विरुपाक्षप्पांनी ती खाली आलेली बघितली आणि मधुमेहाचा विषय मनातून मिटवला. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जखम भरायला संगप्पापेक्षा जास्त वेळ लागला, मधे एकदा ताप येऊन गेला. पण लघवीची नळी निघाल्यावर अशी धार पडली की त्यांना स्वतःबद्दल आदर वाटला.

पुढे बरं वाटल्यावर ते मठात गेले आणि थेट मधे बसले, संगप्पाला लागून.

“या साहेब! दार सुटलं म्हणा की,” संगप्पा म्हणाला.

हुग्गी आली. वाढप्याने आग्रह केला, यांनी मान राखला. संगप्पाची एक गोष्ट रंगात आली होती, आणि विरुपाक्षप्पांना घाई झाली. त्यांनी ती दाबली. पुन्हा दाबली. मग उठले, आणि दोन पत्रावळींच्या मधून, धोतर सावरत, साऱ्या पंगतीच्या डोळ्यांसमोरून दाराकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी ते साक्षीला संगप्पाला घेऊन डॉक्टरांसमोर बसले. “डॉक्टर तुमीच, ऑपरेशन तेच. हा झोपतो आणि मी पळतो. असं कसं?”

“मी रस्ता रुंद केला, काका. गर्दी तुमची आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “साखर वाढली की लघवीच जास्त तयार होते. शिवाय इतक्या वर्षांच्या साखरेने पिशवीच्या नसाही बिथरतात. दुर्बीण तिथे काय करणार? खाता काय तुम्ही?”

“सकाळी बिनसाखरेचा चहा. रात्री अर्धी भाकरी, कारल्याची भाजी.”

“आणि दुपारी?”

“दुपारी काय न्हाय.”

“काय न्हाय?” संगप्पा खुर्चीतून पुढे झाला. “मॅडम, मठात दोन-दोन वाट्या हुग्गी हाणतो की हा!”

विरुपाक्षप्पा खरोखर चकित झाले. “ते जेवण कुटं हाय? तो प्रसाद हाय!”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं विरुपाक्षप्पांनी प्रत्येक डॉक्टरला आहार प्रामाणिकपणे सांगितला होता, आणि प्रसाद कधी त्यात धरला नव्हता. त्यांच्या रक्ताने मात्र धरला होता.

आता पेच साधा होता. पंगतीत बसलं की हुग्गी आली, आणि पानात पडलेला प्रसाद टाकता येत नाही. हुग्गी सोडायची तर पंगत सोडायची. चार दिवस ते दुपारी घरी जेवले. टीव्ही मोठा लावला. पाचव्या दिवशी मठात जाऊन त्यांनी खांद्याला पंचा बांधला आणि हुग्गीची बादली उचलली. वाढप्याला मधेच बाहेर जायला मुभा असते, आणि त्याच्या पानात कुणी काही टाकत नाही, कारण त्याचं पानच नसतं.

पंगतीच्या लेखी मात्र वाढप्याला चेहरा नसतो. ते संगप्पासमोर वाकत, तेव्हा तो शेजारच्या माणसाशी बोलता बोलता पानावर हात आडवा धरी. “साकु, साकु.” पुरे, पुरे, तेही यांच्याकडे न बघताच.

पावसाळा सरला. चालून आणि वाकून पोट उतरलं, गोळ्या वेळेवर गेल्या. डॉक्टर सोनालींनी रिपोर्ट बघून अभिनंदन केलं. “आता ऑपरेशनचा खरा उपयोग होतोय, काका. पळापळ थांबली ना?”

थांबली होती. आता ते अख्खी पंगत बसू शकत होते. पण बसलं की हुग्गी होतीच, आणि संगप्पाशेजारच्या त्यांच्या जागेवर अक्कलकोटचा एक गप्पिष्ट मास्तर रुळला होता.

त्या दुपारी वाढप झालं. तरणे वाढपी उभ्या उभ्या जेवून गेले. विरुपाक्षप्पांनी घरून आणलेली भाकरी आणि मेथी फडक्यातून सोडली आणि रिकाम्या सभामंडपात बरोबर मधे बसून खाल्ली. कुठलीही घाई झाली नाही.

फरशी धुणारी फुलाबाई बादली घेऊन आली.

“अप्पा, उठताय का? पाणी टाकायचं हाय.”

“जेवण व्हायचंय,” ते म्हणाले.

जेवण कधीच झालं होतं.