हत्तीमाळावरचं रान

बेळगावजवळ, हिंडलग्यापलीकडच्या हत्तीमाळावरचं मूळ रान इंग्रजांच्या काळात पलटणीच्या कोळशासाठी तुटलं. पुढं कित्येक वर्षं त्या टेकडीवर तांबड्या जांभ्या दगडाशिवाय काही नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात कामावर लावलेल्या मजुरांनी तिथं झाडं लावली. समताचे वडील सिद्राम, तिचे आप्पा, त्यांतलेच, तेव्हा सतरा वर्षांचे. पहारीनं खड्डे मारायचे आणि ओढ्यावरून घागरीनं पाणी चढवायचं. काम बंद पडलं, बाकीचे निघून गेले. सिद्राम मात्र पुढं दोन उन्हाळे एकटेच पाणी घालत राहिले.

पन्नास वर्षांत किंजळ, हिरडा, जांभूळ उंच गेले. मोर आले, साळिंदर आलं. आटलेला झरा मार्चपर्यंत वाहू लागला. समताला झाडांची नावं आधी आप्पांनीच शिकवली. आता ती बेळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

गेल्या वर्षी टेकडीवर प्लॉट पडणार अशी नोटीस लागली. कागदोपत्री हत्तीमाळ म्हणजे पडीक जमीन. हरकतीला तीस दिवस होते. समता रोज संध्याकाळी आप्पांना स्कूटरवर घेऊन जाई. ते बोट दाखवत, ती लिहून घेई. शेवटी तिनं रानाचा सगळा इतिहास सरकारी कचेरीसाठी कन्नडमध्ये टाईप केला, कोळशाच्या भट्ट्यांपासून आप्पांच्या घागरींपर्यंत.

सुनावणीच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. अधिकाऱ्यानं कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "ही झाडं तुम्हीच लावलीत?"

आप्पांची छाती फुगली. "व्हय साहेब. आम्हीच. लई हाल सोसून जगवल्यात."

अधिकाऱ्यानं तेवढं लिहून घेतलं. "म्हणजे हे नैसर्गिक वन नव्हे. लावलेली झाडं आहेत. वन तोडायला बंदी असलेला नियम इथं लागत नाही."

समता उभी राहिली. झऱ्याबद्दल, आपोआप उगवलेल्या शेकडो रोपांबद्दल बोलत राहिली. साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर जिन्यावर आप्पा म्हणाले, "साहेब चांगला माणूस दिसतोय. आमचं नाव लिवून घेतलं न्हवं?"

तिनं त्यांना तिथंच, जिन्यावर, सगळं समजावून सांगितलं. ते कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले.

तिनं वरच्या कचेरीत अर्ज केला, वकील गाठला. स्थगिती मिळाली नाही. दिवाळीनंतर करवती लागल्या. महिन्याभरानं आप्पाच म्हणाले, "एकदा बघून येऊ या गं."

टेकडी उघडी पडली होती. जेसीबीनं उतार कापून सपाट केला होता, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. आप्पा मधोमध उभे राहून इकडं तिकडं बघू लागले. डोळे मिटून ज्या रानात फिरायचे तिथं आता त्यांना दिशा कळेना.

"झरा कुठं गं, समे?"

तिनंही चुन्याच्या रेघांमधून शोधलं, ओल कुठंच नव्हती.

ते मुरमाच्या ढिगावर बसले. म्हणाले, "मी त्या दिवशी म्हटलो असतो, आम्ही न्हाय लावली म्हणून... तर ऱ्हायलं असतं काय?"

समताला खोटं सांगायचं होतं. पण आप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते.

"कदाचित, आप्पा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. उठायला तिनं हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही.