जयाचं फेफरं

जया कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात कोसळली, तशी सत्यभामेने ओटीतला कापूस टाकून लेकीला कुशीवर वळवले. वेचणाऱ्या बायांपैकी मानीबाई चप्पल हुंगवायला धावली. सत्यभामेने तिचा हात बाजूला सारला. चप्पल नको, दातांत काही घालायचे नाही, झटके थांबेपर्यंत जवळ बसायचे, असे यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितले होते. गोळ्या रोज द्यायच्या आणि चुलीजवळ, विहिरीजवळ पोरीला एकटे सोडायचे नाही. म्हणूनच आठ वर्षांच्या जयाला ती कामावर सोबत आणी.

बाया कुजबुजल्या. दोन वर्षांपूर्वी, छप्पन साली, सत्यभामेच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. त्याचेच हे फळ, असे त्यांचे म्हणणे.

मालकीण इंदुताई बांधावरून पाहत होती.

“उद्यापासून पोरीले आनू नोको,” ती म्हणाली. “बाया भेतात.”

रोजी बुडवणे सत्यभामेला परवडणार नव्हते. ती जयाला आंधळ्या सासूजवळ ठेवू लागली. चौथ्या दिवशी पोर चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

महिन्याभराने भर दुपारी इंदुताईने सत्यभामेला गोठ्यामागे बोलावले. जयाच्या हाताचे काही विचारले नाही. डॉक्टर कोणता, गोळी कोणती, किती वेळा द्यायची, हेच विचारत राहिली. तिच्या स्वतःच्या दहा वर्षांच्या लेकीला, विमलला, दोनदा तसेच झाले होते. घरात तापाचे दुखणे म्हणून सांगितले होते.

“कोनाले सांगू नोको. पोरीचं लगन व्हाचं हाय.”

सत्यभामेने सगळे सांगितले. कुशीवर कसे वळवायचे, तेही स्वतः शेणामातीत आडवी होऊन दाखवले. मग लुगडे झटकत, जयाला शेतावर आणू का, असे विचारले. इंदुताई दुसरीकडे बघत म्हणाली, लोक काय म्हणतील.

चैत्रात विमल बरी झाली म्हणून इंदुताईने देवीपुढे गावजेवण घातले. जयाचे झटकेही कमी झाले होते. शेत तिला बंदच होते.

जेवून परतताना मानीबाई सत्यभामेच्या दाराशी थांबली. सत्यभामा जयाच्या वाकड्या बोटांना खोबरेल चोळत होती.

“देवी पावली विमलले,” मानीबाई म्हणाली. “तुमी देव सोडले नसते, तं तुह्या पोरीलेबी पावली असती.”

सत्यभामेचे ओठ हलले. तिने जयाकडे पाहिले, मग पुन्हा तेलात बोट बुडवले.

“पावली असन,” ती म्हणाली.