आईच्या रुमालाची प्रिंट

आई गेली आणि तिच्या कपाटावर पहिला हात ताईने मारला. मी बाकी काही मागितलं नव्हतं. आईने शेवटी शेवटी विणलेला क्रोशाचा रुमाल तेवढा हवा होता, तर बाईसाहेबांनी नेमका तोच उचलला. थोरली ना! म्हटलं, ने बाई, निदान त्याची प्रिंट तरी काढू दे.

त्यासाठीच मी गल्लीच्या टोकाच्या चित्रकलेच्या बाईंकडे सायनोटाइप शिकायला जात होते. कॅमेरा लागतच नाही. अंधाऱ्या खोलीत कागदाला रसायन लावायचं, वाळलं की वर वस्तू ठेवायची, त्यावर काच, आणि उन्हात न्यायचं. ऊन लागेल तेवढा कागद निळा, झाकलेला भाग पांढरा. सुरुवातीला कागदांची नुसती नासाडी केली. मग चमचे जमले, कात्री जमली, माझा चष्मासुद्धा जमला.

ताई निघायच्या दिवशी गच्चीवर रुमाल मांडला. ती शेजारीच उभी राहिली, जणू मी तो गिळणार होते. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला, तशी तिने काच सरकवली आणि रुमाल पर्समध्ये कोंबला.

"अगं, थोडंच राहिलं होतं," मी म्हणाले.

"आई इतकी वर्षं तुझ्याकडेच होती. मला एक रुमाल मिळाला, तर तोही तुझ्या डोळ्यात खुपतो?"

वस्तू उचलली की कागद ताबडतोब पाण्यात घालावा लागतो. बादली पायाशीच होती. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज बोलायचंच.

"माझ्याकडे आई नव्हती, तिचं दुखणं होतं. तू आलीस की ती उठून बसायची, हसायची. तू गेलीस की तिचं हगणं-मुतणं काढायला मी."

मग दोघींनीही कसर ठेवली नाही. कोण कधी आलं नाही, कुणी फोन उचलला नाही, सगळं निघालं. टॅक्सीवाला वर येऊन ओरडून गेला. ताई रडत उतरली आणि मी तिथेच उन्हात रडत बसले.

कागद धुतला, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत निळाशार. रुमालाची जागासुद्धा उन्हाने भरून टाकली होती.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"प्रिंट नीट आली नसेल तर सांग. रुमाल पाठवते, पुन्हा काढ."

"सुरेख आलीय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.