कोरड्या मातीला वास नसतो

आमच्या भाऊजींना मी एका भिंतीने जमिनीवर आणलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही. पुढे वाटेल अशी लक्षणंही नाहीत.

माझे वडील, आप्पा, घरांना आतून मातीचा गिलावा करायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आमच्या आवारात पत्र्याखाली चाळलेल्या मातीचा ढीग असायचा आणि आवाराच्या भिंतीपलीकडे भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फर्निचर पॉलिश करायचा कारखाना.

गेल्या वर्षी आप्पांच्या कामाबद्दल लागोपाठ तक्रारी आल्या. भिंतींना वास मारतो, डोकं धरतं, फरशी पुसली की जास्तच. आप्पांनी आयुष्यात कुणाचं वाकडं बोलणं ऐकून घेतलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. जावई म्हणून भाऊजी मध्यस्थीला धावले. सगळ्या गिऱ्हाइकांना आवारात आणलं, ढिगातली मूठभर कोरडी माती एकेकाच्या नाकाखाली धरली. कुणालाच वास आला नाही. मग आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, ते म्हणाले, "माती चांगली आहे हो. वयामुळे आप्पांचा हात गेलाय. चिखल कुजवून ठेवतात."

आप्पांनी थापी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. जेवताना बोलेनासे झाले. मी ताईकडे रडले, तर ती म्हणाली, हे खोटं कशाला बोलतील? आवार रिकामं झालं तर भाऊजींना गोदामाला हवंच होतं, हे ती सोयीस्कर विसरली.

पुढे एकदा ओट्यामागची भेग बुजवायला मी त्याच ढिगातली माती भिजवली आणि गोळा झाकून ठेवला. झाकण काढलं तर भप्पकन थिनर. उघड्या आवारात चिखल कालवताना हा वास वाऱ्यावर निघून जायचा, आणि जो यायचा तो पलीकडच्या कारखान्याचाच वाटायचा. मी आवाराच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने पलीकडचा कामगार ब्रश धुतलेल्या थिनरचा डबा घेऊन आला आणि भिंतीच्या फटीतून सरळ आमच्या ढिगावर ओतू लागला. मला पाहून दचकला नाहीच, वर म्हणाला, मालकांनीच सांगितलंय, ही माती सगळं पिते, डागसुद्धा राहत नाही.

माती तपासायच्या प्रयोगशाळेत माझी मैत्रीण आहे. तिने समजावलं की अशा चिकण मातीच्या कणांत पापुद्रे असतात, पुस्तकाच्या पानांसारखे. कोरडी असताना ती तेलाची, थिनरची वाफ त्या पानांत दाबून धरते, बाहेर वास येऊ देत नाही. पण तिचा खरा जीव पाण्यावर. ओल मिळाली की पाण्याला जागा देते आणि आधीच्या पाहुण्याला हाकलते. म्हणजे भाऊजींनी कोरडी माती हुंगवली ती उगाच नव्हे. जन्म थिनरमध्ये गेलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी मी डूख धरला.

तोंडावर भांडले असते तर त्यांनी पुन्हा कोरडी मूठ पुढे केली असती. म्हणून गप्प बसले. तेवढ्यात त्यांनी नवीन शोरूम काढायला घेतली आणि मातीच्या भिंतींची हौस त्यांना आली. घरचंच काम, फुकटात होईल, हा हिशेब. मी गोड हसून हो म्हटलं. माती मात्र मी दुसरीकडून आणली, नवी, स्वच्छ. कपट करायची मला गरजच नव्हती. भिंत वाळली आणि भाऊजींनी घाईघाईत, दारं-खिडक्या लावून, तिथेच सगळ्या लाकडाला पॉलिश मारून घेतलं. भिंत पीत राहिली. भाऊजी खूश. सगळ्यांना सांगायचे, मातीची भिंत आहे म्हणून वासाचं नाव नाही.

मी उद्घाटनाची भेट दिली ती एक छोटंसं कारंजं. भिंतीला लागूनच बसवलं. बारीक तुषार उडायचे, शोभा यायची. शोभेपुढे भाऊजींना ओल आठवली नाही, त्यांनी कौतुकाने स्वतःच बटण दाबलं.

हॉल माणसांनी भरला होता. आप्पांना ताई आग्रहाने घेऊन आली होती. जुनी गिऱ्हाइकं होतीच, कारण भाऊजींना त्यांच्यासमोर मिरवायचं होतं. चहा फिरेपर्यंत लोक नाकाला रुमाल लावू लागले. एक बाई म्हणाल्या, आमच्या घरात यायचा तो हाच वास. भाऊजी माझ्याकडे वळले.

"कसली माती लावलीस?"

मी वरच्या कोपऱ्यातला कोरडा तुकडा खरवडला, चुरला आणि त्यांच्या नाकाखाली धरला. येतोय का वास? सगळे बघत होते. नाही, म्हणावंच लागलं. मग तीच मूठ मी कारंज्यात बुडवली आणि पुन्हा पुढे केली. ते मागे सरकले. त्यांचाच जुना कारागीर पुढे आला आणि हुंगून सवयीने बोलून गेला, थिनर आहे साहेब, आपलाच. मग मी फटीतून ओतल्या जाणाऱ्या डब्याची हकिगत सांगितली, अगदी हळू आवाजात, म्हणजे सगळे कान देऊन ऐकतील. भाऊजींचा चेहरा पाहून मला इतका आनंद झाला की माझीच मला थोडी भीती वाटली.

आप्पा उठले. भिंतीवरून तळवा फिरवत शेवटपर्यंत गेले आणि ताईला म्हणाले, "म्हणजे माझा हात गेला नव्हता."

ताईने जाऊन कारंज्याचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आमच्या दारात आले. पुसून पुसून वास वाढतोय, गिऱ्हाईक आत पाऊल टाकत नाही, भिंत तेवढी खरवडून द्या म्हणाले. आप्पांनी खुंटीवरची थापी काढली. इतक्या महिन्यांनी काढली, तीही याच्यासाठी. मी ती त्यांच्या हातातून घेतली.

"वाळू द्या भाऊजी," मी म्हटलं. "कोरड्या मातीला वास नसतो. तुम्हीच सगळ्यांना दाखवलंत."

आणि दार लावून घेतलं.