चष्म्यातले पाहुणे

टेंभुर्णीहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत पायल खिडकीशी बसायची आणि तिची आई संध्या तिचा हात धरून शेजारी. पायल स्वमग्न आहे हे कळल्यापासून सल्ले द्यायला अख्खं गाव तयार होतं. तिच्याजवळ घटकाभर बसायला मात्र कुणाला सवड नव्हती.

जालन्याच्या उपचार केंद्रात तिच्या डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवत. त्यात घर दिसे, दार वाजे, पाहुणे येत. पायलनं त्यांच्याकडे बघायचं, हसायचं आणि बोलायचं. चुकलं तर पाहुणे रागवत नसत; गुपचूप दाराबाहेर जात आणि पुन्हा येत. असले गुणी पाहुणे टेंभुर्णीत कुणी पाहिले नव्हते. पायलचे वडील राजानंद शाळेत मास्तर. त्यांनी केंद्रातल्या मॅडमच्या मागं लागून त्यातला 'नमस्कार' काढायला लावला आणि 'जय भीम' घालून घेतलं.

चष्मा लावला की पायल घडाघडा बोले. घरी कुणी आलं की भिंतीकडे तोंड. एकदा, फक्त एकदा तिनं खऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलावं, एवढी एकच आस संध्याला लागून राहिली होती.

आणि अशात गिरिजाबाई, म्हणजे पायलची आजी, वारली. घर माणसांनी भरलं. बदनापूरहून तिची लेक यायची म्हणून सगळे खोळंबले होते.

दुःखाच्या घरी कुणी कुणाला 'या' म्हणत नाही. माणसं येतात, गप्प बसतात आणि 'येतो' न म्हणता उठून जातात. हे कुणी शिकवत नाही, बघून बघून अंगवळणी पडतं. चष्म्यातल्या घरात अजून कुणी मेलं नव्हतं.

लेक द्वारकाबाई दारात आली. हंबरडा फोडणार, तोच कोपऱ्यातून पायल उठली. तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि छान हसली.

"जय भीम. या, बसा. बरं आहे ना?"

संध्याच्या काळजात आनंद उसळला. समोर सासू निजवलेली होती, तरी उसळला. असा आनंद झाल्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"माझी माय मरून पडली," द्वारकाबाई म्हणाली, "अन् ही हसून राह्यली?"

आत्याचा चेहरा बघून पायलला कळलं, काहीतरी चुकलं. चुकलं की पाहुणे बाहेर जातात. आत्या काही जाईना. मग पायलनं दोन्ही हात तिच्या छातीला लावले आणि तिला उंबऱ्याबाहेर ढकललं. आत्यानं पुन्हा आत यावं, एवढंच तिला हवं होतं.

बायका ओरडल्या. कुणीतरी म्हणालं, "आत घाला गं तिला." राजानंद खाली मान घालून बसून होते. संध्यानं पोरीला धरलं, ओढत आतल्या खोलीत नेलं. पायल मागं वळून पुन्हा म्हणत होती, "या, बसा."

"चूप," संध्या म्हणाली. "एक शब्द बोलू नको."

तिनं बाहेरून कडी लावली. लेकीनं तिचं ऐकलं.

नंतर द्वारकाबाईला सगळं समजावून सांगितलं. ती रडली, पायलसाठी लाडू घेऊन आली. पायल भिंतीकडे तोंड करून बसली. आता ती आईशीही बोलत नव्हती. पाणी हवं असलं तरी नुसता पेला पुढं करायची.

जालन्याला मात्र चष्मा चढला की आतल्या पाहुण्यांशी तिचं पहिल्यासारखंच सुरू होतं, हसून, मान हलवून. मॅडम खूश होत्या. "आम्ही दुःखाच्या घराचाही प्रसंग बनवून घेऊ," घरी घडलेलं ऐकून त्या म्हणाल्या. "मग अशी चूक होणार नाही. आणखी काही हवंय का त्यात?"

संध्यानं लेकीकडे बघितलं. पायल समोरच्या रिकाम्या खुर्चीला बसायला सांगत होती.

"मॅडम," संध्या म्हणाली, "त्याच्यात मला घालता येतं का? तिथं तरी बोलंल माझ्याशी."