दारं लावा!

"तू नुसतं तोंड हलव, रिनुस. आवाज टेपवरचा लावतो," मार्सेल म्हणाला. हार्डकोर या जुन्या धडाकेबाज नाचगाण्याचे जलसे भरवणारा हा माणूस बोलताना घड्याळाकडेच बघत होता.

"डॉक्टरनं ओरडायला बंदी केलीये," रिनुसची बायको यानेके मध्येच म्हणाली. "घशाचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला त्याच्या."

"वहिनी, म्हणूनच तर टेप! लोक ह्याला बघायला येतात हो."

रोटरडॅमच्या बंदरात रिनुस जहाजांवरचे कंटेनर बांधायचं काम करत असे. विशीत असताना मित्राच्या माळ्यावर त्यानं गंमत म्हणून माइकमध्ये बोंब मारली होती, "दारं लावा! कुणी बाहेर जायचं नाही!" मित्रानं ती टेप करून तिच्याखाली ढोलाचे दणके भरले. त्या उन्हाळ्यात तासलेल्या डोक्यांची, चकचकीत ट्रॅकसूट घातलेली सगळी पोरं तिच्यावर नाचली.

मित्र पुढे ऑस्ट्रेलियाला गेला. रिनुस मात्र त्या बोंबेतच राहिला. ट्राममध्ये, बंदरावर, दाताच्या दवाखान्यात लोक त्याला म्हणत, "मार ना एकदा!" आईच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीलासुद्धा एक मावसभाऊ कानाशी लागला होता, "हळूच मार रे, पोराला ऐकवायचीय." त्यानं मारली होती. नाही म्हटलं की लोकांचे चेहरे उतरत, आणि ते त्याला बघवत नसे.

"घरी जाऊ या," यानेके म्हणाली.

त्यानं मंचाच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. रविवारची दुपार, आणि हॉल गच्च भरलेला.

"पूर्वी डोकी तासून यायचे," तो कुजबुजला, "आता तासायला उरलंय काय?"

ती हसली नाही.

तो मंचावर गेला. दणके सुरू झाले, तशा शेकडो जाडजूड पायांनी जुन्या नाचातल्या लाथा झाडायला सुरुवात केली. सुटलेली पोटं, घट्ट झालेले ट्रॅकसूट, घामेजलेले हसरे चेहरे. त्यानं माइक उचलला. "दारं लावा!" छतावरून त्याचाच विशीतला आवाज कोसळला, कोवळा आणि निर्धास्त. रिनुसनं ओठ हलवले. पहिल्यांदा जुळले. दुसऱ्यांदा थोडे मागे पडले.

तिसऱ्यांदा त्यानं तोंड मिटून घेतलं.

"कुणी बाहेर जायचं नाही!" आवाज त्याच्याशिवायच गर्जला. लोकांनी हात उंचावले. पुढच्या रांगेतला एक टकला तर डोळे पुसत होता. रिनुसचे ओठ हलले नव्हते, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. उरलेलं गाणं संपेपर्यंत तो माइक धरून तसाच उभा राहिला. मंचावरून उतरायची शिडी चार पावलांवर होती.

"झकास!" खाली आल्यावर मार्सेलनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या वर्षीही असंच. तुझ्या घशालाही आराम."

रिनुसनं मान डोलावली. यानेकेनं ते पाहिलं आणि त्याचं जाकीट पुढे केलं.

ट्राममध्ये गर्दी होती. यानेकेला पुढे जागा मिळाली, रिनुसला मागे खिडकीशी. पुढच्या थांब्यावर लीकच्या भाजीच्या जुड्यांची पिशवी घेऊन एक म्हातारी चढली.

"इथं कुणी बसलंय का हो?"

"नाही," तो म्हणाला. आवाज बारीक होता, किंचित चिरकलेला. "बसा ना."

"काय म्हणालात?"

त्यानं पिशवी तिच्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली आणि पुन्हा, तितक्याच हळू, म्हणाला, "बसा."